बिघडलेल्या काचेतून घडवलेली वस्तू: तिला मराठीत काय म्हणायचं?

जळगावहून, मूळ प्रश्न

एका पाटीसाठी मला शब्द हवा आहे, आणि तो मनासारखा सापडत नाही.

घरी काचकामाची छोटी विजेची भट्टी आहे. रंगीत काचेचे तुकडे मांडून 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की ते एकमेकांत विरघळतात. याला सगळे फ्यूज्ड ग्लास म्हणतात, पण मी मनात 'एकजीव काच' म्हणते. पुरणाला, पिठल्याला जो शब्द लावतो तोच. दिवाळीच्या आधी असंच एक निळं-पांढरं ताट केलं आणि हौसेनं त्यात मावशीच्या जुन्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे बसवले. भट्टीतून निघालं तेव्हा देखणं होतं. चौथ्या दिवशी सकाळी हातात घेतलं, तर प्रत्येक हिरव्या तुकड्याभोवती चंद्रकोरीसारखी बारीक चीर. नखाला लागत होती.

चूक माझीच. काच तापली की फुगते, निवली की आकसते, आणि प्रत्येक काचेचं प्रमाण वेगळं. फ्यूजिंगच्या काचेवर 90 किंवा 96 असा आकडा असतो, दोन काचांचा तो जुळावा लागतो. बांगडीच्या काचेचा आकडा कोण सांगणार? अशी काच कितीही सावकाश निववली तरी आत ताण राहतोच. पुन्हा भट्टीत घातली तर चीर बुजते, निवताना परत उघडते.

म्हणून फरशी कापायच्या पाण्याच्या करवतीवर बांगडीचे भाग कापून वेगळे केले. उरलेल्या ताटाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या पाडल्या, त्या कडेवर उभ्या करून शेजारी शेजारी लावल्या आणि दुसऱ्यांदा भट्टी दिली. जे थर ताटात एकाखाली एक दडले होते ते आता वर आले, नदीच्या दरडीत मातीचे दिसतात तसे.

याला 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणवत नाही, कारण ती काच टाकाऊ कधीच नव्हती. 'पुनर्निर्मिती' सरकारी वाटतो. 'दुरुस्ती' तर नाहीच, ताट काही मला परत मिळालेलं नाही. मग काय लिहू?

धुळ्याहून

ताई, आमचं घर सोनारकामाचं. तुमचा शब्द आमच्याकडे रोज वापरात आहे: मोड. गिऱ्हाईक जुनी पाटली किंवा तुटकी साखळी घेऊन येतं आणि म्हणतं, 'एवढी मोड आहे, यात नवं करून द्या.' मोड वजनाला घ्यायची, मुशीत आटवायची, घट धरायची आणि नव्या दागिन्याची घडणावळ लावायची. तुमच्या जळगावच्या सराफ बाजारातही हेच ऐकाल. हल्ली 'मोडीत काढणे' म्हणजे भंगारात देणे, असा अर्थ झालाय. एसटीच्या जुन्या गाड्या मोडीत काढतात. पेढीवर मात्र मोडीचा मान पूर्ण असतो, कारण ती मोडूनही सोनंच असते.

दुसरं म्हणजे डाग. कपड्याला पडतो तो डाग आणि अंगावर घालतात तोही डाग. 'लेकीच्या लग्नात चार डाग घातले' असं आमची आजी म्हणायची. दोष आणि दागिना एकाच शब्दात राहतात, हे तुमच्या वस्तूला मला फार लागू वाटतं.

अमळनेरहून

काचेची गोष्ट निघाली आणि वाढणे कुणी आठवलं नाही? आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. लहानपणी आत्याच्या हातातली टिचली आणि मी 'फुटनी' म्हणाले, तर तिनं लगेच अडवलं: 'फुटनी म्हनू नको माय, वाढनी म्हन.' मंगळसूत्रही तुटत नाही, वाढतं. नारळसुद्धा देवापुढे वाढवतात.

पण या शब्दामागची भीतीही लक्षात ठेवावी. 'बांगड्या फोडल्या' हे शब्द नवरा गेलेल्या बाईसाठी राखून ठेवलेले होते, म्हणून बाकीच्या बाया त्यांच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यात बांगड्या फोडणंही होतं. ती प्रथा जावी आणि 'वाढणे' हा शब्द मात्र राहावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि वाढलेल्या बांगड्यांचं आम्ही काय करायचो? मेणबत्तीवर तुकडा धरायचा, लाल होऊन वाकला की दोन टोकं जुळवायची, एका कडीत दुसरी अडकवायची. अशी हातभर साखळी व्हायची. बोटं भाजायची. ते तुमचं फ्यूजिंगच म्हणायचं की!

चोपड्याहून

काच फार वेळ तापलेली राहिली की वर पांढुरका थर येतो ना, त्याला तुम्ही लोक काय म्हणता?

जळगावहून, पुन्हा

चोपड्याच्या दादांना आधी सांगते: इंग्रजीत त्याला लांबलचक शब्द आहे, मी साय म्हणते. काचेवर साय धरली. पृष्ठभागावर बारीक स्फटिक बनतात त्यामुळे चमक जाते. बोटांचे ठसे, धूळ राहिली की लवकर धरते. वर पारदर्शक काचेची पूड चाळून परत भट्टी दिली की बहुतेकदा जाते.

'वाढणे' वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं, मावशीही असंच म्हणायची. पण पाटीवर ते चालणार नाही. 'ताट वाढलं' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला भात-वरणच दिसेल. शिवाय चीर पडली ती आपोआप, पट्ट्या मी मुद्दाम कापल्या. 'वाढलं' म्हटलं की माझा हात त्यातून निघून जातो, आणि 'मोड' म्हटलं की राहतो, कारण मोड देणारा माणूस मोडायचं ठरवून आलेला असतो.

तेव्हा पाटी अशी: 'निळ्या ताटाच्या मोडीतून. काच, दोन भट्ट्या.'

राहिले बांगडीचे सात तुकडे. त्यांना आता आच लावायची नाही. धुळ्याचे दादा, काचेला ताप न लागता ते चांदीच्या कोंदणात बसवता येतील का?