बोटीवर गोड्या पाण्याची लाइन: अर्धा इंच, पाऊण की इंची?

हर्णैकर: पावसाळी मासेमारीबंदीत बोट वर ओढलीय, ३१ जुलैच्या आत पाण्याची लाइन नव्याने टाकायचीय. डेकखाली ५०० लिटरची टाकी. पंप १२ व्होल्टचा, मिनिटाला ११ लिटरवाला. नळ दोनच, एक रांधपाकडे, एक मागे अंघोळीला. सगळी मिळून दहा मीटर. प्लंबर म्हणतो इंची टाका, पाणी धो धो येईल. खरंच येईल?

खाडीवाला: नाही येणार. पंपच ११ लिटर देतो, पाइप जाडा केला म्हणून वीस कुठून येणार? घरी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नुसत्या उंचीवर उतरतं, तिथे मोठा पाइप लागतो. प्लंबरदादांच्या डोक्यात तेच बसलंय. तुमच्याकडे पंपाचा दाब आहे, पुढे अर्धा इंच पुरे. दहा मीटरला दाबातला पाव-अर्धा बार जाईल. असले बरेच पंप दाब अडीच बारच्या आसपास गेला की आपोआप बंद होतात, म्हणजे दाब भरपूर असतो, चिंता नाही. टाकी ते पंप मात्र पाऊण इंची, आणि जमेल तितकं आखूड.

मालवणचो: सक्शनला, म्हणजे टाकी ते पंप, बागेतला पाइप लावू नका हो! मी लावला होता. मे महिन्यात मऊ पडला, पंपाने ओढला की चपटा. पंप बोंबलतोय आणि नळाला नुसता फुसकारा. दोन दिवस पंपालाच शिव्या घातल्या. आत तारेची गुंडाळी असलेला, पिण्याच्या पाण्याचा पाइप घ्या.

खाडीवाला: पाइप जोडायच्या निपलचं आतलं भोकही बघा. पाइप अर्धा इंची आणि निपल आतून आठ मिमी, असं सर्रास असतं. व्यास निम्मा झाला की तेवढ्याच पाण्याला अडथळा तीसेक पट. आणि सीपीव्हीसीचा कडक प्लास्टिक पाइप टाकणार असाल तर पंपाच्या दोन्ही बाजूंना हातभर लवचिक पाइप ठेवा, नाहीतर हादऱ्याने सांधे तडकतात.

हर्णैकर: पटलं. अजून एक, टाकी भरताना पाणी उलटं उसळतं. हवेचा पाइप ६ मिमीचा आहे.

खाडीवाला: मग हवा जाणार कुठून? भरायची तोटी दीड इंची असेल तर हवेला निदान १६ मिमी द्या. तोंड खाली वळवून जाळी लावा, लाटेचं खारं पाणी आत नको.

हर्णैकर: आज जुनी लाइन उघडली. पंपाआधीची गाळणी खवल्यांनी गच्च! गोड्या पाण्याच्या टाकीत बांगड्याचे खवले कोणी नेले, ते आता खलाशांना विचारतो.