इंपोर्टेड पाने, गोटी (सॉकेट) सेट घेऊन पैसे वसूल होतात का? (नाशिक, नवीन गॅरेज, बजेट 60 हजार)

पाथर्डीफाटा_गॅरेज:
नमस्कार मंडळी. सातपूर आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं, मग बरीच वर्षं एका शोरूमच्या वर्कशॉपला होतो, आता पाथर्डी फाट्याजवळ गाळा भाड्याने घेतलाय. काम मुख्य टू व्हीलरचं, त्यातही ड्यूक, आर15, हिमालयन अशा गाड्या जास्त, आणि कडेकडेने छोट्या कार. 2027 च्या सिंहस्थाच्या आत नीट बस्तान बसवायचंय. शोरूमला सगळी टूल कंपनीची होती त्यामुळे माझं स्वतःचं म्हणावं तर एक जुना टेस्टर आहे फक्त. आत्याचा मुलगा जर्मनीत असतो, तो दिवाळीला येतोय, म्हणाला काय पाहिजे ते सांग आणतो. आता रील्समध्ये ते लाल ड्रॉवरचं कपाट आणि चकचकीत गोट्या बघून जीव वर-खाली होतो हे कबूल, पण बजेट सगळं मिळून 60 हजार (कंप्रेसर, जॅक वेगळे). जर्मन वेरा, हाझेट, निपेक्स किंवा अमेरिकन स्नॅप-ऑन यातलं काय खरंच कामात फरक पाडतं आणि काय नुसतं दिसायला? आमचे बाबा म्हणतात टपारियाचा कारखाना घरापासून चालत जायच्या अंतरावर आणि हा जर्मनीहून पाने मागवतोय.

द्वारका_डिझेल:
बाबांचं ऐक. धागा बंद करा.

जुना_ओझरकर:
बंद कशाला, पोराने चांगलं विचारलंय. मी एचएएलच्या विमान कारखान्यात ओझरला होतो, टूल क्रिबशी (टूल ठेवायच्या-द्यायच्या खोलीशी) रोजचा संबंध, नाना देशांचे पाने हाताखालून गेलेत.

आधी एक कर, 'इंपोर्टेड सेट' असा विचारच करू नकोस, एकेक वस्तू वेगळी धर. साधा फिक्स पाना, रिंग पाना, हातोडी, छन्नी, पक्कड यात आपला देशी माल चांगला आहे आणि आजचा नाही, टपारियाने 1969 मध्ये स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरुवात केली, आणि लुधियाना-जालंधरचे कारखाने तर परदेशी ब्रँडना त्यांच्या नावाने माल बनवून देतात, म्हणजे कुणाचा तरी मामा अमेरिकेहून पाना घेऊन येतो आणि तो निघतो पंजाबचा. फरक अजिबात नाही असं म्हणत नाही. चांगल्या जर्मन, जपानी रिंगची भिंत पातळ असते तरी पसरत नाही, त्यामुळे अडचणीच्या जागी ती शिरते आणि आपली जाड रिंग बाहेर राहते. पण असे किती नट असतात एका गाडीत? त्या दोन-तीन मापांसाठी वेगळे पाने नंतर घेता येतील, पूर्ण सेटवर जर्मन भाव कशाला द्यायचा.

पैसे कुठे घालायचे त्याचा माझा हिशेब असा. पाना बिघडला तर पाना बदलता येतो. पण बोल्टचं डोकं गोल झालं, आटे गेले, तर ड्रिल, एक्स्ट्रॅक्टर, वेल्डिंगवाल्याला फोन, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, आणि त्याची मजुरी मागता येत नाही. तेव्हा ज्या जागी टूल निसटलं की गाडीचं नुकसान होतं त्या जागेचं टूल महागातलं घे. तुझ्या कामात अशा जागा म्हणजे एलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच, ड्यूकवर जिकडेतिकडे तेच, शिवाय चांदणीच्या खाचेचे टॉर्क्स), ब्रेक पाइपचे नट, आणि क्रॉस स्क्रू. एलन चावी स्वस्तातली असेल तर टोकाचे कोपरे झिजतात आणि ती आत फिरते, आणि बऱ्याचदा लोक बोल्टला शिव्या घालतात. वेराच्या हेक्स प्लस चाव्यांचं टोक असं केलंय की जोर कोपऱ्यावर कमी आणि सपाटीवर जास्त येतो, पीबी स्विसच्या चाव्यांचं माप आणि स्टील उत्तम. यातलं एक मागव डोळे झाकून.

गोटी सहा पॉइंटचीच (आत सहा कोपऱ्यांची) घे. बारा पॉइंट रिंगला ठीक, ती अरुंद जागी लवकर बसते, पण गंजलेल्या नटावर बारा पॉइंटची गोटी म्हणजे नट गोल करायचं यंत्र. आतले कोपरे थोडे गोलसर काढलेले आहेत का ते उजेडात धरून बघ. ती युक्ती स्नॅप-ऑनने साठच्या दशकात पेटंट केलेली, पेटंट संपून जमाना झाला, आता चांगल्या देशी गोटीतही तेच असतं.

सिडको_आरएक्स:
ओझरकर काका बोलले त्यात क्रॉस स्क्रूचं जरा सविस्तर सांगतो कारण यात जर्मनीचा काही उपयोग नाही. यामाहा, होंडा, सुझुकी यांचे क्रॉस स्क्रू जपानी मापाचे, जेआयएस म्हणतात, दिसायला फिलिप्ससारखेच, बऱ्याच स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं ती खूण. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर निसटतं आणि खाच खाऊन टाकतं. आरएक्स 100 च्या क्रँककेस कव्हरचे स्क्रू बघा कुठल्याही गाडीचे, दहातल्या आठ गाड्यांवर छन्नीचे घाव असतात, त्याचं कारण हेच. व्हेसल कंपनीचा जपानी ड्रायव्हर घ्या, नंबर 2 आणि नंबर 3, त्यात ठोकायचा पण येतो, मागे हातोडी मारली की थोडा फिरतो. ऑनलाइन इथेच मिळतो आणि जर्मन ड्रायव्हरच्या मानाने स्वस्त. जर्मन फिलिप्स कितीही भारी असला तरी या स्क्रूत तो परकाच.

गंगापूररोडकर:
एवढं विश्लेषण करू नका हो. मी स्नॅप-ऑनचं रॅचेट (गोटी फिरवायचा दात्यांचा दांडा) वापरतो, हातात घेतल्यावर कळतं पैसे कुठे गेले. एकदा घ्या, आयुष्यभर बघायला नको, लाइफटाइम वॉरंटी.

द्वारका_डिझेल:
दादा रॅचेट भारी आहे त्यात वादच नाही, पण वॉरंटीचं जरा उघडून सांगा ना. अमेरिकेत त्यांची गाडी दर आठवड्याला वर्कशॉपच्या दारात येते, ट्रकमध्येच दुकान, तुटलेलं दाखवलं की तिथल्या तिथे बदलून देतात, वर उधारी, हप्ता आठवड्याला. कारण तिथे मेकॅनिकला स्वतःची टूल स्वतः घ्यावी लागतात, नोकरीत असला तरी, आपल्यासारखं शोरूमचं कपाट नसतं. त्या किमतीत लोखंड आहे, पॉलिश आहे आणि तो ट्रक आणि ती उधारीसुद्धा आहे. माझ्या द्वारकेच्या गॅरेजवर आजवर टायरवाला आला, ऑइलवाला आला, वर्गणीवाले आले, तो ट्रक काही आलेला बघितला नाही. मग ट्रकचे पैसे मी का भरू?

गंगापूररोडकर:
ट्रक नाही पण कुरिअर तर आहे. आणि फील म्हणून काही असतं की नाही.

द्वारका_डिझेल:
फीलचं बिल गिऱ्हाइकाला लावता येत असेल तर सांगा, उद्या घेतो.

पाथर्डीफाटा_गॅरेज:
भांडू नका हो. रॅचेटमध्ये दात बघायचे का? 72 दाताचं घ्या असं सगळे सांगतात.

जुना_ओझरकर:
72 दात म्हणजे 5 अंशात पुढचा दात पकडतो, 36 ला 10 अंश. ड्यूकच्या टाकीखाली हात घालून काम करताना ते 5 अंश कळतात. पण दात बारीक म्हणजे धूळ, जुनं ग्रीस यांना ते नाजूक, अधूनमधून उघडून साफ करायची तयारी पाहिजे, म्हणून ज्याचं रिपेअर किट इथे मिळतं असंच रॅचेट घे, ब्रँड दुय्यम. जाम नट सोडवायला रॅचेट वापरायचं नाही, त्याला लांब दांडा, आणि दांड्याला पाइप लावायचा असेल तर मला सांगू नकोस.

अंबड_लॅबवाली:
मी कॅलिब्रेशनमध्ये काम करते, टॉर्क पाने (ठरवलेल्या जोराला क्लिक करणारे) रोज बघते म्हणून लिहिते, यावर कुणीच बोललं नाही आणि नव्या गॅरेजवाल्याचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

क्लिकचा टॉर्क पाना आयएसओ 6789 या मानकाप्रमाणे असेल तर 10 एनएमच्या (न्यूटन मीटर, पिळाच्या जोराचं माप) वरच्या पान्याला चूक ±4 टक्क्यांच्या आत लागते. हे देशी चांगला पानाही पाळतो. पण ही खात्री रेंजच्या 20 टक्क्यांपासून वरच असते, म्हणजे 200 एनएमचा पाना 40 च्या खाली वापरायचाच नाही. आणि होतं काय, लोक चाकाच्या नटासाठी एक मोठा पाना घेतात आणि त्यानेच बाईकचे बारीक बोल्ट कसतात. इंजिनच्या कव्हरचे 6 मिमीचे बोल्ट असतात 10 ते 12 एनएमचे, आत ॲल्युमिनियमचे आटे. क्लिक ऐकू येईपर्यंत आटे हातात. तुमचं काम टू व्हीलरचं आहे तर आधी 5 ते 25 एनएमचा लहान पाना घ्या, चाकाचा मोठा नंतर.

काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा (शून्याच्याही खाली उलटं फिरवू नका), नट सोडवायला वापरू नका, आणि वर्षाला किंवा 5000 क्लिकला, जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्या. अंबड, सातपूरला लॅब आहेत, मुंबईला पाठवायची गरज नाही. जर्मनीहून आणला आणि त्याची स्प्रिंग इथे मिळाली नाही तर आम्ही फक्त 'चुकीचा दाखवतोय' एवढं लिहून देऊ शकतो.

भद्रकाली_हार्डवेअर:
दुकानदार आहे त्यामुळे माझं मत अर्ध्या किमतीत धरा. तीन गोष्टी.

एक, मापं. जपानी गाड्यांवर 8 मिमीच्या बोल्टचं डोकं 12 चं असतं, युरोपियनवर 13 चं, तसंच 10 मिमीच्या बोल्टला 14 आणि तिकडे 16 किंवा 17. तुमच्याकडे यामाहा, मारुती पण येणार आणि ड्यूक पण, तर 12, 13, 14 तिन्ही लागणार. जर्मन सेटमध्ये पाव इंची आणि अर्धा इंची ड्राइव्ह (गोटी बसते तो चौकोनी खुंट) जास्त मिळतो, तीन सुती (3/8 इंची) तिकडे कमी वापरतात, आणि टू व्हीलरला तर तीन सुतीच कामाचा. जपानी केटीसी, कोकेन त्यासाठी चांगले, कोकेनच्या गोट्या नुसत्या बघत बसाव्या अशा आहेत, पण सुरुवातीला देशी घ्या.

दोन, बिल. हातटूलवर जीएसटी 18 टक्के. तुमचा जीएसटी नंबर रेग्युलर असेल तर इथल्या बिलावरच्या कराचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची ठोक कराची योजना) असाल तर नाही. पाहुण्याने तिकडे घेतलेल्यावर तिकडचा 19 टक्के व्हॅट भरलेलाच असतो आणि पाहुणा तिथलाच रहिवासी म्हणून त्याला तो परतही मिळत नाही, वर वॉरंटीला इथला डीलर ते बिल मानेल याची हमी नाही. स्वस्त म्हणून आणताय तर हा हिशेब करा.

तीन, डुप्लिकेट. गोटीवर क्रोम व्हॅनेडियम कोरलंय याचा अर्थ कोरलंय एवढाच. 'जर्मन टेक्नॉलॉजी' लिहिलेला 108 पीसचा सेट मीही विकतो, प्लंबर आणि घरगुती गिऱ्हाइकाला. गॅरेजवाल्याने मागितला तर कशासाठी ते आधी विचारतो. आणि क्रोमची चकचकीत गोटी इंपॅक्ट गनवर (झटके देऊन नट सोडवणारी मशीन) लावू नका, फुटली तर तुकडा डोळ्यात जातो, गनला काळी इंपॅक्ट गोटीच, आणि ती देशी चालते.

पाथर्डीफाटा_गॅरेज:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं शोरूमला कुणी सांगितलं नव्हतं. मग यादी अशी करतो. पाहुण्याकडून: एलन आणि टॉर्क्स चाव्या, निपेक्सचा प्लायर रेंच 250 (मित्राकडे बघितलाय, जबडे समांतर आणि गुळगुळीत, क्रोमच्या नटावर ओरखडा येत नाही, आणि असं देशी मला तरी कुठे सापडलं नाही), ब्रेक पाइपचा फ्लेअर पाना (नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा) 10-11. इथून: टपारियाचे फिक्स आणि रिंग, तीन सुती सहा पॉइंट गोटी सेट, काळ्या गोट्या, लहान टॉर्क पाना बिलासकट. ऑनलाइन: व्हेसलचे दोन. लाल कपाट रद्द.

सिडको_आरएक्स:
पाहुण्याला सांग सगळं चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत पाने काढून घेतात. आणि वजन बघ, लोखंड आहे, जाताना तो चकली-चिवडा भरून नेईल पण येताना त्याला पोरांसाठी चॉकलेट पण आणायची असतात.

द्वारका_डिझेल:
फ्लेअर पाना योग्य घेतोस. मारुती, होंडाला बहुतेक 10 चं नट, फोक्सवॅगन-स्कोडाला 11. यादीत निपेक्स बघून जरा वाईट वाटलं पण ते टूल खरंच चांगलं आहे, लिहून टाकतो, गंगापूररोडकर दादांनी वाचू नये.

गंगापूररोडकर:
वाचलं.

जुना_ओझरकर:
यादी ठीक आहे. उरलेल्या पैशातून फोमच्या शीट आण. ओझरला प्रत्येक टूलची जागा बोर्डावर त्याच्या आकाराची कापलेली असायची, काम संपलं की एक जागा जरी रिकामी दिसली तरी ते टूल सापडेपर्यंत विमान हलायचं नाही. तुझ्याकडे सुखोई येणार नाही पण हेल्पर येतील, शेजारचे गाळेवाले 'दोन मिनिटं पाना दे' म्हणत येतील, आणि दहाची गोटी इंजिनखाली जाऊन बसेल. ड्रॉवरमध्ये खाली लाल, वर काळी अशी शीट कापली की गेलेल्या टूलच्या जागी लाल दिसतं. नंबर पण कोरून घे पान्यांवर, विशेषतः त्या जर्मन चाव्यांवर.

पाथर्डीफाटा_गॅरेज:
काका ही शीट नाशकात कुठे मिळेल? आणि जाडी किती घेऊ?

भद्रकाली_हार्डवेअर:
ईव्हीए शीट मागा, पॅकिंग मटेरियलवाल्यांकडे मिळते. पान्यांना वरची 20 मिमी पुरते, गोट्या आणि रॅचेटला 30 घ्या, खालची लाल 5 ची चालेल. शीट घ्यायच्या आधी ड्रॉवरची आतली उंची मोजून जा.