ग्रीन वाचतं कसं?

असं म्हटलं जातं की इंग्लंडमधली व्हिलेज ग्रीन्स, म्हणजे गावकऱ्यांच्या वापरातली मोकळी हिरवी मैदानं, जुन्या परंपरेच्या आदरापोटी टिकली. मला हे अर्धंच पटतं. तळं, बदकं असलेलं एसेक्समधल्या फिंचिंगफील्डसारखं ग्रीन सगळ्यांनाच जपावंसं वाटतं. प्रश्न साध्या माळरानाचा असतो.

ऑक्सफर्डशायरमधल्या सनिंगवेलचं उदाहरण बघा. तिथली जमीन चर्चच्या मालकीची. पण गावकरी वर्षानुवर्षं तिथे कुत्री फिरवत, पतंग उडवत, ब्लॅकबेरी तोडत. १९९४ मध्ये तिथे घरं बांधायची परवानगी मिळाली, तेव्हा ते बांधकाम रोखण्यासाठी गावाने ग्रीन म्हणून त्या जमिनीची कायदेशीर नोंदणी मागितली. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९९ मध्ये गाव जिंकलं! आपला हक्क आहे असं लोकांच्या मनात होतं की नाही, हे तपासायची गरजच नाही, असं न्यायाधीशांनी ठरवलं. वीस वर्षं उघडपणे, जबरदस्ती न करता आणि कुणाची परवानगी न घेता वापर झाला, एवढं पुरे.

यातला परवानगीचा मुद्दा फार महत्त्वाचा. मालकाने 'माझ्या परवानगीने या' अशी पाटी लावली की पुढचा वापर मोजला जात नाही.

२०१३ च्या कायद्याने तर इंग्लंडमध्ये बांधकामाचा अर्ज जाहीर झाल्यावर ग्रीनसाठी अर्ज करण्याची वाटच बंद केली. मला हा बदल अन्यायाचा वाटतो. गावाला धोका कळतो तोच मुळी बांधकामाची नोटीस लागल्यावर. तोवर आपल्या रोजच्या फिरण्याचे पुरावे कोण गोळा करून ठेवतो?