फँटसी आरपीजीत लढाई टर्न बेस्ड हवी की रिअल टाइम? माझ्या मते पार्टी किती जणांची त्यावर ठरतं

सातपूरकर
आरपीजी म्हणजे पात्रं घेऊन खेळायचा गेम, टर्न बेस्ड म्हणजे एकेकाच्या नंबरने लढाई, रिअल टाइम म्हणजे सगळे एकदम, पार्टी म्हणजे आपली टोळी. हल्ली नाशकात गेम खेळणाऱ्या कुणाशीही बोला, कॉलेज रोडची पोरं असोत की आमच्या एमआयडीसीतली, सगळे म्हणतात टर्न बेस्ड जुनाट झालं, कॉम्प्युटरमध्ये दम नव्हता तेव्हाची तडजोड होती. मला हे बिलकूल पटत नाही. प्रश्न कॉम्प्युटरचा नाहीच, तुम्ही एका वेळी किती जणांना चालवताय त्याचा आहे. बाल्डर्स गेट ३ घ्या, २०२३ चा गेम, पार्टी चार जणांची. क्लेरिकने म्हणजे पुजाऱ्याने आधी शत्रूवर पाणी पाडायचं, तो भिजला की विजेचा डॅमेज दुप्पट, मग विझार्डने म्हणजे जादूगाराने वीज सोडायची, तोवर फायटर दार अडवून उभा आणि रोग म्हणजे चोरटा गडी वर चढून बाण मारतोय कारण उंचावरून नेम लागायचा चान्स वाढतो. हे चौघांचं डोकं मी एकटा चालवतोय आणि त्यातच मजा आहे. रिअल टाइममध्ये एका माणसाच्या दोन हातांनी हे होत नाही, मग तिघांना कॉम्प्युटर हाकतो आणि आपल्या वाट्याला एकच उरतो. त्याला पार्टी कशाला म्हणायचं?

गंगापूररोडचा नाइट
भो, तू सगळं हिशोबाचं बोलतोय, भीतीचं काय? एल्डन रिंग या रिअल टाइम गेममधला मार्गिट हा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आठव, काठी वर उचलतो आणि मुद्दाम थांबतो, आपण घाबरून आधीच डॉज मारला, म्हणजे अंग चुकवलं, की बरोबर तेव्हाच हाणतो. तो बॉस तुमच्या घाईवर खेळतो. दोनचारदा मेल्यावर त्याची लय हाताला कळते आणि मग जिंकलास की ते तू जिंकलेलं असतं, तुझ्या लेव्हलने नाही. टर्न बेस्डमध्ये ड्रॅगन समोर उभा आणि तो माझा नंबर संपायची वाट बघतोय, फँटसी तिथंच मरते. आणि डायब्लो पण आधी टर्न बेस्डच बनत होता, तो गेम बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेविकने तो बदलून रिअल टाइम केला म्हणून अख्खा एक गेमचा प्रकार उभा राहिला हे विसरू नको.

सातपूरकर
अरे पण डायब्लोत हिरो किती? एक. एल्डन रिंगमध्ये? एकच. फायनल फँटसी १६ पूर्ण अॅक्शन झाला तिथं पण तू एकट्या क्लाइव्हला चालवतो. आणि फायनल फँटसी ७ च्या २०२० च्या रिमेकमध्ये पार्टी तिघांची आहे तर कमांड द्यायला वेळ हळू करावाच लागला ना. तू माझंच म्हणणं सिद्ध करतोय.

पंचवटीची जादूगारीण
दादा तुमचा नियम १९९८ च्या पहिल्या बाल्डर्स गेटपाशीच मोडतो. सहा जणांची पार्टी, लढाई रिअल टाइम, स्पेसबार दाबला की पॉज. मी तो कितीतरी वेळा खेळलेय आणि त्यात जे आहे ते तिसऱ्या भागात नाहीये. समोरचा जादूगार मंत्र म्हणायला लागला की तो पूर्ण होईपर्यंत वेळ जातो, त्या तेवढ्या वेळात एक जरी बाण लागला तरी मंत्र फुकट. म्हणजे कोण काय सुरू करतंय यावर सतत नजर ठेवायची. टर्न बेस्डमध्ये त्याचा नंबर आला की स्पेल सुटला, बहुतेक वेळा तुम्ही बघत बसा. शिवाय चार फालतू गोब्लिन आले तर दहा सेकंदात संपतात, तिसऱ्या भागात ग्रोव्ह या वस्तीचा बचाव करताना सगळ्या गोब्लिन आणि तिथल्या टिफलिंग लोकांचे नंबर संपायची वाट बघून जीव जातो.

सातपूरकर
ताई बाणाचा मुद्दा एकदम मान्य, ती गोष्ट भारी होती. पण प्रामाणिकपणे सांगा किती वेळा पॉज करायचात? सहा जणांना रिअल टाइममध्ये हाकणं म्हणजे कुंभात रविवार कारंजावर एकट्या हवालदाराने गर्दी आवरणं. फायरबॉल सोडेपर्यंत आपलाच फायटर पळत तिथं पोचलेला असतो आणि भाजतो.

पंचवटीची जादूगारीण
मग फायटरला आधी थांबवायचं, तेच तर कौशल्य आहे. पॉज मी ठरवते, गेम नाही, फरक तिथंच आहे.

सिडकोचा बाप
माझं साधं आहे. रात्री पोरगी झोपल्यावर खेळायला बसतो आणि ती कधीही उठते. टर्न बेस्डमध्ये माझा नंबर सकाळपर्यंत थांबतो. एल्डन रिंगला पॉज नाही, पोरीला उचलायला गेलो की मेलो. संसारी माणसाने काय खेळायचं मग.

गंगापूररोडचा नाइट
दादा अडचण समजते पण ती तुमच्या घरची सोय झाली, लढाई चांगली का वाईट ते यावरून ठरत नाही. आणि २०२५ चा एक्सपिडिशन ३३ कुणीच कसा काढला नाही? नंबर लावून लढाई, पार्टी तिघांची, पण शत्रूचा वार येताना पॅरी, म्हणजे तो वार अडवायची चाल, वेळेवर मारायची. म्हणजे टर्न बेस्डवाल्यांनाच शेवटी रिअल टाइम उसना घ्यावा लागला.

सातपूरकर
खेळलोय, म्युझिक आणि गोष्ट अप्रतिम. पण पॅरी जमली की वार लागतच नाही, मग मी बिल्डवर, म्हणजे पात्राच्या तयारीवर, इतका वेळ घालवला त्याचं काय? अंगठा तेज असेल तर विचार कमी केला तरी चालतं. मला ते कमी पडतं.

पंचवटीची जादूगारीण
ज्यांना दोन्ही हवंय त्यांनी पाथफाइंडर रॅथ ऑफ द राइटियस खेळा, २०२१ चा आहे, लढाई चालू असताना पण एका बटणावर टर्न बेस्ड की रिअल टाइम बदलता येतं. मी किरकोळ शत्रू रिअल टाइममध्ये उडवते आणि बॉस आला की टर्न बेस्ड लावते.

सातपूरकर
बटण चांगलंय पण त्याने डेव्हलपरची सुटका होते असं मला वाटतं. रिअल टाइम धरून डिझाइन केलं की प्रत्येक खोलीत पाचसहा शत्रू भरतात कारण ते पटकन मरणार हे माहीत असतं. पिलर्स ऑफ इटर्निटी २ ला टर्न बेस्ड मोड नंतर २०१९ मध्ये जोडला तेव्हा हेच झालं, लढाया त्याच राहिल्या आणि प्रत्येक बारकी मारामारी लांबत गेली. टर्न बेस्ड करायचं तर लढाया कमी ठेवा आणि एकेक घडवा, जमीन उंचसखल करा, तेलाचे पिंप ठेवा, पळायला वाट ठेवा. हे सुरुवातीपासून ठरवावं लागतं.

पंचवटीची जादूगारीण
हे मान्य, पण मग सहा जणांची पार्टी रिअल टाइम धरून कुणीतरी तेवढ्याच मन लावून पुन्हा घडवावी, मंत्र मध्येच तोडता येईल अशी. एवढ्यात कुणी मोठ्या बजेटमध्ये करून बघितलंय का? नाही केलं म्हणून ती पद्धत हरली असं कसं म्हणता?