इटालियन बाईकचं वॉल्व्हचं काम बेळगावातच करावं, ५०० किलोमीटर लांब धाडू नये

टिळकवाडीकर

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग ज्याला भांडायचंय त्यानं खुशाल भांडावं. बेळगाव भागात इटालियन गाडी ठेवणाऱ्यानं तिचं इंजिनाचं काम इथंच, उद्यमबागेत करून घ्यावं. बेंगळुरू ५०० किलोमीटर, पुणं ३४० च्या घरात. तेवढ्या लांब टेम्पोत बांधून गाडी पाठवायची आणि फोनची वाट बघत बसायचं, हे मला आता पटत नाही.

माझी डुकाटी स्क्रॅम्बलर, ८०३ सीसी. दर १२,००० किलोमीटरला वॉल्व्हचे गॅप बघावे लागतात. गेल्या वेळी एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपला धाडली. सहा आठवडे पडून होती. परत आली ती पुढच्या आडव्या सिलिंडरकडून बारीक शिट्टी वाजवतच. वॉल्व्ह चालवणाऱ्या बेल्टचं झाकण काढून बघितलं, तर पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला. बिलावर मात्र बेल्ट तपासल्याची ओळ छापलेली होती. त्या दिवशी ठरवलं, यापुढं माझ्या डोळ्यांसमोर काम होणार असेल तरच गाडी उघडायची.

यंदा आमच्या फिटरमामांकडं उघडली. सीट, टाकी, बॅटरीचा डबा बाहेर काढला, मगच उभ्या सिलिंडरपाशी हात गेला. वॉल्व्ह चारच, खरं मापं आठ. कारण डेस्मोत, म्हणजे डुकाटीच्या या वॉल्व्ह-रचनेत, वॉल्व्ह उघडायला एक रॉकर आणि मिटायला दुसरा. साध्या इंजिनासारखी जाड स्प्रिंग वॉल्व्हला ओढून मिटवते, तसं इथं नाही. मामांनी फीलर गेजची पात सरकवली, डोळे मिटले, परत सरकवली, आणि म्हणाले, "हा वॉल्व्ह त्याच्या सीटमध्ये, टेकायच्या जागेत, बसत चाललाय." अगदी तसंच होतं. एका एक्झॉस्टचा उघडायचा गॅप कमी झालेला, मिटायचा वाढलेला. वरची शिम, म्हणजे गॅप ठरवणारी पोलादी चकती, शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडरवर पातळ करून घेतली. खालची एक माप मोठी मागवली आणि तीही मापाला उतरवली. कुरिअरला आठवडा लागला, बाकी काम दोन दिवसांचं.

ज्या गावात विमानाचे भाग कातले जातात, पंपाची नि व्हॉल्व्हची कास्टिंग ओतली जातात, त्या गावाला दोन सिलिंडरची मोटारसायकल जमणार नाही, असं आपणच का धरून चालायचं?

टूलरूमचा माणूस

टिळकवाडीकर, मी त्याच उद्यमबागेत २२ वर्षं आहे, म्हणूनच विरोध करतोय. राग मानू नका.

मायक्रॉनचं काम हाताला येतं म्हणजे इंजिन कळतं असं नाही. खालची शिम म्हणजे नुसती चकती नव्हे. ती टोपीसारखी असते. तिच्यावर वॉल्व्हच्या खाचेत दोन अर्ध्या रिंगा बसतात आणि मिटवणारा रॉकर तिला खालून उचलतो. रिंगा चेपल्या असतील तर तुमचं सगळं माप खोटं. नव्या घातल्या तर थोडं अंतर चालल्यावर त्या बसतात आणि गॅप परत हलतो. मामांनी रिंगा बघितल्या का? तुमच्या लिहिण्यात त्यांचा उल्लेख नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सरफेस ग्राइंडरवर पाच शतांश उतरवणं हे आमच्या पोराचं काम आहे. खरं त्या शिमचं कडक कातडं किती खोल आहे? ड्रॉइंग नसताना हे मी सांगू शकत नाही, आणि शेजारच्या शेडवालाही सांगू शकत नाही. कातडं घासून गेलं असेल तर खालचा मऊ भाग रॉकर खात जाणार. गाडी आज छान चालेल, ३,००० किलोमीटरला गॅप परत उघडेल, आणि ती पूड तेलात फिरेल. आम्ही कुणाचाही जॉब ड्रॉइंगशिवाय हातात घेत नाही. स्वतःच्या गाडीला वेगळा नियम का?

निपाणीकर

मी तर एक पाऊल पुढं जाऊन म्हणतो, या भागात ही गाडी ठेवूच नये.

माझ्याकडं इटालियन नावाची एक बाईक होती. कंपनीचं जवळचं दुकान एका वर्षात बंद झालं. क्लच केबलसाठी दोन महिने, मीटरच्या काचेसाठी त्याहून जास्त. पावसाळाभर गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली. शेवटी विकली. घेणाराही लांबचाच, त्यानं भाव पाडूनच मागितली, कारण त्याला माहीत होतं की इथं दुसरं गिऱ्हाईक नाही.

आणि ज्या डेस्मोचा एवढा अभिमान, ती का आली ते बघा. १९५६ मध्ये डुकाटीचे इंजिनिअर ताल्योनींनी ती १२५ सीसीच्या रेसिंग गाडीत घातली, कारण त्या काळच्या स्प्रिंगा जास्त आरपीएमला दगा द्यायच्या. आता स्प्रिंगा सुधारल्या. खुद्द डुकाटीनं २०२० मध्ये मल्टिस्ट्राडा व्ही-४ च्या इंजिनातून डेस्मो काढली आणि वॉल्व्हची तपासणी थेट ६०,००० किलोमीटरवर नेली. कंपनीनंच जी गोष्ट लांब पल्ल्याच्या गाडीत सोडली, ती आपण चोर्ला घाटातल्या खड्ड्यांत का सांभाळायची? इटालियनच हवी असेल तर एप्रिलिया आरएस ४५७ घ्या. डिझाइन इटलीतलं, खरं बनते आपल्या बारामतीत. भागासाठी डुकाटीच्या गावाकडं, बोलोन्याकडं, डोळे लावून बसायला नको.

शहापूरचे लॅम्ब्रेटावाले

निपाणीकरांचं "ठेवूच नये" मला मान्य नाही. आमच्या घरात लॅम्ब्रेटा आहे, वडिलांनी घेतलेली, मुंबईच्या एपीआय कंपनीनं बनवलेली. मिलानच्या मूळ कंपनीनं, इनोचेंतीनं, ती गाडी बनवायची बंद केली, यंत्रं लखनौला आली, १९७२ साली सरकारनं स्कूटर्स इंडिया उभी केली, तिथली विजय सुपरही पुढं बंद पडली. दोन्ही कारखाने गेले. आमची गाडी मात्र अजून खडेबाजारात जाते. किकच्या शाफ्टचा बुश गनमेटलमध्ये अनगोळच्या लेथवर तीनदा करून घेतला. तिसऱ्या वेळी लेथवाल्यानं मापच विचारलं नाही, वहीत लिहून ठेवलं होतं.

खरं टिळकवाडीकरांनाही एक सांगतो. लॅम्ब्रेटा गावात दुरुस्त झाली, कारण ती गावात शेकड्यानं होती. मेस्त्रीनं महिन्यात दहा इंजिनं उघडली की हात बसतो. व्हेस्पाचंही तेच. बजाज १९७१ पर्यंत व्हेस्पावाल्या पियाजिओच्या परवान्यावर बनवत होती, म्हणून पोरंटोरंसुद्धा प्लग-पॉइंट साफ करायला शिकली. तुमच्या डुकाट्या या जिल्ह्यात किती? तुमच्या मामांनी याआधी किती डेस्मो उघडल्या होत्या? एकही नसेल तर तुमचीच गाडी त्यांची शाळा झाली. त्यात वाईट काही नाही, फक्त ते मनाशी कबूल करा.

खानापूरची घाटवेडी

सगळे डुकाटीवरच का अडलाय? इटली म्हणजे फक्त बोलोन्या नव्हे.

माझ्याकडं मोटो गुझी व्ही-७ आहे, पुण्यातून जुनी घेतलेली. एनओसी, केए-२२ ला परत पासिंग, टॅक्स दुसऱ्यांदा. सीमेवर राहण्याची ही किंमत आपण सगळेच मोजतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त एमएच पाटीवर फिरवू नका, पोलीस आधी तीच बघतात.

या गाडीचे दोन्ही सिलिंडर डावी-उजवीकडं बाहेर आलेले, गुडघ्यांच्या पुढं. झाकण काढायला टाकीला हात लावावा लागत नाही. गॅप लावायला स्क्रू आणि लॉकनट, आपल्या जुन्या बुलेटसारखं. पहिल्यांदा केलं तेव्हा अंगणात पाट घेऊन बसले होते, आईनं चहा आणून दिला तो गार व्हायच्या आत डावी बाजू झाली. चेन नाही, शाफ्ट आहे. कणकुंबीच्या पावसात चेनवर तांबडी माती बसून तिची काय दशा होते हे ज्यांनी बघितलंय त्यांना शाफ्टचं मोल कळेल. त्रास एकच, वायरिंगच्या जोडण्यांत पाणी शिरतं. दर मे महिन्यात एकेक जोडणी उघडून ग्रीस भरते.

निपाणीकर दादा, १९२१ पासून इटलीतल्या मांदेल्लो गावच्या त्याच आवारात गुझी बनतेय. थांबताना इंजिन एका अंगाला हलका झोका देतं, तो मला रोज हवासा वाटतो. आरएस ४५७ चांगलीच असेल, खरं मला ती नको आहे. हेही कारण पुरेसं असतं की.

निपाणीकर

ताई, हवीशी वाटणं मी कुठं नाकारलं? माझीही हवीशीच होती. ताडपत्रीखाली बघून जीव तुटायचा, म्हणून तर लिहिलं. भाग मिळेना की प्रेम करणाऱ्यालाच जास्त त्रास होतो.

टिळकवाडीकर

लॅम्ब्रेटावाले काका, कबूल. मामांची ही पहिलीच डेस्मो. मॅन्युअल मी वाचत होतो, ते करत होते. प्रत्येक माप दोघांनी वेगवेगळं घेतलं, जुळलं तरच वहीत लिहिलं.

निपाणीकर, भागांचं तुमचं दुःख खोटं नाही. म्हणून मी दोन्ही बेल्ट आगाऊ आणून ठेवलेत. रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं आणि बेल्ट तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटतो, तिथं वाट बघत बसणं परवडणार नाही. मल्टिस्ट्राडाचं खरं आहे. तरी १९६८ पासून रस्त्यावरच्या गाडीत जपलेली ही गोष्ट ज्या इंजिनात आहे, ते मला माझ्या हातानं सांभाळायचंय.

टूलरूमवाले, रिंगा बघितल्या होत्या, भिंगाखाली. लिहायचं राहिलं. कातड्याच्या खोलीबद्दल मात्र माझ्याकडं उत्तर नाही. शिम घासताना मला फक्त जाडी दिसत होती. तुमचं वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. म्हणून काल झाकण उघडून परत माप घेतलं. ७०० किलोमीटर झालेत, गॅप हललेला नाही. तरीही गाडी बेंगळुरूला धाडणार नाही.

टूलरूमचा माणूस

७०० वर काही कळत नाही. २,००० ला परत बघा, आणि तेल बदलताना ते पांढऱ्या कापडातून गाळा.

काढलेली जुनी शिम फेकली नसेल तर घेऊन या. कातडं किती खोल आहे हे ती कापल्याशिवाय कळणार नाही. मधोमध कापतो, पॉलिश करतो, कडेपासून आतपर्यंत हार्डनेसचे ठिपके घेतो. आकडा आला की किती घासायला परवानगी आहे ते लिहून देतो, मामांच्या शेडमध्ये लावून ठेवा. आणि घासलेल्या दोन्ही मोजायच्या असतील तर सकाळी आठच्या आत या. पत्रा तापला की आमच्या मायक्रोमीटरवर मी विश्वास ठेवत नाही.