ग्रामरक्षक दलात रात्री जागलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

माळकरी
काल संध्याकाळी रानातून जळक्या रबराचा वास आला आणि बारा वर्षांपूर्वीचा पौष आठवला. तेव्हा विहिरींवरच्या मोटारींच्या केबली जायच्या. चोर ओढ्यात बसून केबल जाळायचे, वरचं रबर गेलं की आतलं तांबं पोत्यात. आम्ही वीस जणांनी ग्रामरक्षक दलात नावं दिली. हवालदारसाहेबांनी देवळापुढं बसवून शिकवलं: एकट्यानं पाठलाग करायचा नाही, आधी गाडीचा नंबर बघायचा, जागेवरच्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि सापडला तरी मारायचं नाही.
चौथ्या रात्री एक पोरगं सापडलं. जेमतेम सोळाचं. हातात हॅक्सॉचं पातं, पायात एकच चप्पल. गाव काठ्या घेऊन आलं. आम्ही सहा जण हातात हात गुंफून त्याच्याभोवती कडं करून उभे राहिलो. पोलिसांची गाडी यायला पाऊण तास. माझ्या चुलत्यानंच माझी गचांडी धरली, त्यांचीच केबल गेलेली.

दुधाळ_ताई
आमच्याकडं शेळ्या जायच्या. दोन गाभण, एकाच रात्री. कुत्रं भुंकलंच नाही. धारा काढून झाल्या की लिहिते.

जुना_वकील
माळकरी, योग्य केलंत. डोळ्यांदेखत दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही धरू शकतो, पण लगेच पोलिसांच्या हवाली करायचं. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३ होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०, त्यात सहा तासांची मुदतही घातलीय. मारायचा अधिकार तेव्हाही नव्हता, आताही नाही.

साक्रीकर
त्याच तारखेला, १ जुलै २०१८ ला, आमच्या तालुक्यात राईनपाड्याला पाच जणांना पोरं पळवणारे समजून जिवे मारलं. भिक्षेकरी होते बिचारे. अफवा फोनवरून फिरत होती. तिथं असं कडं करणारे वीस जण असते तर? अजून झोप लागत नाही त्या विचारानं.

पाटलीणबाईंची_सून
सासूबाई पोलीस पाटील. रात्री दोनला फोन वाजला की पदर खोचून बाहेर. लोकांना वाटतं पाटीलकी म्हणजे मान. अहो, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यातलं काम आहे ते, गावात काही घडलं की ठाण्याला कळवायचं पहिलं त्यांनी. गुडघे दुखतात म्हणून आता टॉर्च मी धरते.

एसटीतून
वडील होमगार्ड होते. दर ६ डिसेंबरला वर्धापनदिनाची परेड, १९४६ ला मुंबईत सुरू झालं ना. बूट पॉलिश करायचं काम माझं. स्टॉप आला, उतरतो.

दुधाळ_ताई
माळकरी, केबल मिळाली का मग? आणि चुलते?

माळकरी
मिळाली, पण मुद्देमाल म्हणून ठाण्यात. तोवर शाळू वाळला. चुलते तिसऱ्या दिवशी आले, चहा घेतला, म्हणाले उद्याच्या पाळीला माझं नाव लाव.
ताई, शेळ्यांचं काय झालं?