नौदलाच्या खांद्यावरच्या पट्ट्या: देखाव्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या आमच्या मंडळाचा यंदा नौदलाचा देखावा आहे. पुतळ्यांचे पांढरे गणवेश शिवून झालेत, घोडं अडलंय ते खांद्यावरच्या पट्ट्यांपाशी. देवळालीमुळे लष्कराचे तारे इथे सगळ्यांना ओळखता येतात. नौदलाच्या कॅप्टनला तीन तारे लावायचे का? आणि ते सोनेरी वेटोळं प्रत्येक पट्टीवर येतं का?

प्रतिसाद १
तारे नकोत. कॅप्टनला काळ्या पाटीवर चार सोनेरी पट्ट्या. लष्करातला तीन ताऱ्यांचा कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा, आणि नौदलाचा कॅप्टन थेट कर्नलच्या. सगळा घोळ नाव सारखं असल्यामुळे होतो.

सब लेफ्टनंट एक पट्टी, लेफ्टनंट दोन, कमांडर तीन. लेफ्टनंट कमांडरला दोन पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध एक बारीक. इथेच सर्वांत जास्त चुका होतात: एकाच रुंदीची रिबन आणली की त्याचा कमांडर होऊन बसतो. कमोडोरला एकच पट्टी, पण चांगली रुंद. ती अरुंद घेतलीत तर सब लेफ्टनंट दिसेल. म्हणजे रिबन तीन रुंदीची आणा.

वेटोळं फक्त सर्वांत वरच्या, म्हणजे गळ्याकडच्या पट्टीवर, मधोमध. सॅटिनची रिबन गोल वळवली की चुण्या पडतात. त्यापेक्षा सोनेरी कार्डपेपरची कडी कापा, जाडी पट्टीइतकीच ठेवा आणि पट्टीला टेकवून चिकटवा.

प्रतिसाद २
ॲडमिरलचा पुतळा असेल तर जुने फोटो बघून करू नका. 4 डिसेंबर 2023 ला सिंधुदुर्गातल्या नौदल दिनाच्या कार्यक्रमात बदलाची घोषणा झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नवी रचना आली. तिच्यातला अष्टकोन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलाय, हे देखाव्याच्या निवेदनात जरूर सांगा. सोबत नौदलाचं सोनेरी बटण, तलवार, दुर्बीण आणि तारे: रिअर ॲडमिरलला दोन, व्हाइस ॲडमिरलला तीन, ॲडमिरलला चार.

धागाकर्ता
फार उपयोग झाला, आभार. असेच गणवेश मिरवणुकीत कार्यकर्त्यांना चालतील का?

प्रतिसाद १
टाळा. सैनिक नसताना तसं भासवण्यासाठी गणवेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नाही, तरी रस्त्यावरच्या माणसाला फरक कसा कळणार? पट्ट्या पुतळ्यांवरच राहू द्या.